क्वांटम विहिरीतले इलेक्ट्रॉन आणि होल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कमी बँड गॅपच्या अर्धवाहकाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर जास्त बँड गॅपच्या दोन थरांमध्ये बसवला की क्वांटम विहीर तयार होते. बँड गॅप म्हणजे अर्धवाहकात बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला लागणारी ऊर्जा; तो निघून गेल्यावर उरणारी, धनभारासारखी वागणारी रिकामी जागा म्हणजे होल. दोघांना मिळून वाहक म्हणतात. निळ्या-हिरव्या एलईडीचा उजेड आणि फायबरमधल्या लेसरचा प्रकाश अशाच विहिरींतून येतो. या विहिरींत इलेक्ट्रॉन आणि होल कसे वागतात, यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण पुस्तकातली सरळ भिंतींची, अनंत खोल विहीर डोळ्यांसमोर ठेवतो. खरी विहीर मर्यादित खोलीची असते आणि बऱ्याचदा एका बाजूला कललेली असते.

प्रश्न : गॅलियम आर्सेनाइडच्या १० नॅनोमीटर रुंद विहिरीसाठी सूत्राने इलेक्ट्रॉनची पहिली पातळी ५६ मिली-ईव्ही येते. शोधनिबंधांत मात्र याच रुंदीला ३० च्या आसपासचा आकडा दिसतो. माझे गणित कुठे चुकते? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : गणित बरोबर आहे, गृहीतक चुकले आहे. तुम्ही वापरलेले सूत्र अनंत उंच भिंतींसाठी आहे : ऊर्जा (ईव्हीमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये; मिली-ईव्ही हा त्याचा हजारावा भाग) = ०.३७६ ÷ (प्रभावी वस्तुमान × नॅनोमीटरमधल्या रुंदीचा वर्ग). प्रभावी वस्तुमान म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉनचे भासणारे वस्तुमान, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या पटीत. वस्तुमान ०.०६७ आणि रुंदी १० घातली की ०.०५६ येणारच.

आता खरी भिंत किती उंच आहे ते काढू. भिंतीचा थर ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचा आहे आणि त्यात ३० टक्के ॲल्युमिनियम आहे असे धरा. खोलीच्या तापमानाला त्या थराचा बँड गॅप सुमारे १.८० ईव्ही आणि गॅलियम आर्सेनाइडचा १.४२४ ईव्ही असतो. दोन्हींतला ०.३७ ईव्हीचा फरक दोन बँडांत वाटला जातो. त्यातला ६० ते ६५ टक्के भाग कंडक्शन बँडकडे (मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांच्या पट्ट्याकडे) जातो, उरलेला व्हॅलन्स बँडकडे (होलच्या पट्ट्याकडे). म्हणजे इलेक्ट्रॉनपुढे साधारण ०.२३ ईव्हीची भिंत, होलपुढे ०.१४ ईव्हीची. जुने निबंध वाचताना इथे जपून राहा. बेल लॅब्जमध्ये डिंगल, वीगमन आणि हेन्री यांनी १९७४ मध्ये या विहिरींच्या शोषण-वर्णपटातल्या पायऱ्या दाखवल्या, आणि त्यानंतर दहाएक वर्षे ८५ : १५ ही वाटणी प्रचारात होती. पुढच्या मोजमापांनी ती बाद ठरवली, पण तिच्यावर आधारलेले तक्ते अजून ग्रंथालयांत आहेत.

मर्यादित भिंतीचे गणित कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत होते. ०.०३८१ ला (वरच्या ०.३७६ ला पायच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ०.०६७ ने भागा, ०.५६९ मिळतील. मग म = (निम्मी रुंदी) × √(०.२३ ÷ ०.५६९) = ५ × ०.६३६ = ३.१८. भिंतीच्या थरात इलेक्ट्रॉनचे प्रभावी वस्तुमान ०.०९२ असते, म्हणून सीमेवरच्या अटीत √(०.०६७ ÷ ०.०९२), म्हणजे ०.८५ हा गुणक येतो. अट अशी : य × टॅन य = ०.८५ × √(म² − य²). यातला य शोधायचा आहे. य = १.१ घेतला तर डावी बाजू २.१६ आणि उजवी २.५४, १.२ घेतला तर ३.०९ आणि २.५०. उत्तर या दोन्हींच्या मध्ये, १.१४५ ला सापडते. शेवटी ऊर्जा = ०.५६९ × (य ÷ ५)² = ०.०३० ईव्ही. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा. हे गणित बिघडले की बहुतेक वेळा कॅल्क्युलेटर अंशांवर राहिलेला असतो.

५६ चे ३० होण्याचे कारण असे की इलेक्ट्रॉनची लाट भिंतीपाशी संपत नाही. ती भिंतीत शिरते आणि दर १.४ नॅनोमीटरला सुमारे एक-तृतीयांश उरत विरत जाते. त्यामुळे ही १० नॅनोमीटरची विहीर १३.७ नॅनोमीटरच्या अनंत विहिरीसारखी वागते. वस्तुमानातल्या फरकाचा वाटा यात लहान आहे. तो सोडला तर उत्तर ३० ऐवजी ३२ येते.

होल जड आणि हलके अशा दोन प्रकारचे असतात. याच रीतीने जड होलची पातळी ७ ते ८ मिली-ईव्ही आणि हलक्या होलची २२ च्या आसपास निघते. आता हे आकडे प्रयोगाशी जुळवा. अतिशीत तापमानाला गॅलियम आर्सेनाइडचा बँड गॅप १.५१९ ईव्ही असतो. त्यात ३० आणि ७.५ मिली-ईव्ही मिळवा, आणि इलेक्ट्रॉन-होलच्या जोडीची, म्हणजे एक्सायटॉनची, बंधनऊर्जा वजा करा. सलग स्फटिकात ती ४.२ मिली-ईव्ही असते. विहिरीत दोघे जवळ दाबले गेल्याने ८-९ पर्यंत जाते. उत्तर १.५४८ ईव्ही, म्हणजे तरंगलांबी सुमारे ८०१ नॅनोमीटर. खोलीच्या तापमानाला तीच विहीर ८५३ च्या आसपास दिसेल. एक्सायटॉनची वजाबाकी विसरली तर वर्णपट ४-५ नॅनोमीटर बाजूला पडतो, आणि मग विहिरीची रुंदीच चुकली असा भलताच निष्कर्ष निघतो.

प्रश्न : इलेक्ट्रॉन विहिरीत बंदिस्त असेल तर त्यातून वीज वाहते कशी? मुले हे नेहमी विचारतात. (कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक, नाशिक)

उत्तर : बंदिस्ती एकाच दिशेला असते, थराच्या जाडीच्या दिशेला. थराच्या प्रतलात इलेक्ट्रॉन दोन्ही दिशांना मोकळा असतो. म्हणून विहिरीतली प्रत्येक ‘पातळी’ ही खरे तर एका उपबँडचा तळ असते. त्या तळाच्या वर प्रतलातल्या हालचालीच्या ऊर्जा सलग मांडलेल्या असतात.

मुलांना यातली एक गोष्ट जरूर सांगा. सलग स्फटिकात बँडच्या काठावर बसायला जागा जवळजवळ नसते. ऊर्जेबरोबर ती वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. विहिरीत उपबँड सुरू होतो त्याच ठिकाणी जागा एकदम पूर्ण मिळते आणि पुढे तेवढीच राहते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनसाठी ती दर चौरस सेंटिमीटरला, दर मिली-ईव्हीला, सुमारे २,८०० कोटी अवस्था इतकी आहे. विहीर ५ नॅनोमीटरची असो की १५ ची, हा आकडा बदलत नाही, कारण त्यात फक्त प्रभावी वस्तुमान येते. एका चौरस सेंटिमीटरमध्ये १ लाख कोटी इलेक्ट्रॉन भरले तर अतिशीत तापमानाला ते तळापासून ३६ मिली-ईव्हीपर्यंत चढतात. वरच्या उदाहरणातला दुसरा उपबँड ११५ मिली-ईव्हीच्या जवळ सुरू होतो, म्हणून सगळे पहिल्यातच मावतात. लेसरला याचा थेट फायदा होतो : वाहक विखरून न बसता काठाशी एकवटतात आणि कमी करंटमध्ये लेसिंग सुरू होते.

एका विहिरीतून शेजारच्या विहिरीत जाणे ही वेगळी गोष्ट आहे. मधली भिंत १० नॅनोमीटर असेल तर वाहक बहुतेक तिच्यावरून उडी मारूनच जातात. ती २-३ नॅनोमीटरवर आली की लाटा एकमेकींत मिसळतात आणि अनेक विहिरींचा मिळून नवा बँड बनतो. एसाकी आणि त्सू यांनी १९७० मध्ये मांडलेली सुपरलॅटिस ती हीच.

प्रश्न : आम्ही रंग बदलणाऱ्या दर्शनी दिव्यांची जोडणी करतो. करंट वाढवला की हिरवी एलईडी निळसर होते, आणि करंट दुप्पट केला तरी प्रकाश दुप्पट होत नाही. दोष एलईडीत आहे की तिला करंट देणाऱ्या ड्रायव्हरमध्ये? (लघुउद्योजक, पुणे)

उत्तर : दोन्हींत नाही. तुम्ही पाहता आहात तो विहिरीतल्या वाहकांचा स्वभाव आहे, आणि तो समजला की ड्रायव्हर कसा निवडायचा तेही ठरते.

निळ्या-हिरव्या एलईडीत विहीर इंडियम गॅलियम नायट्राइडची असते, रुंदी २.५ ते ३ नॅनोमीटर, भिंती गॅलियम नायट्राइडच्या. इंडियम नायट्राइडची जाळी (स्फटिकातली अणूंची मांडणी) गॅलियम नायट्राइडपेक्षा ११ टक्के मोठी असल्याने विहिरीचा थर दाबलेला असतो. या स्फटिकात दाबामुळे विद्युतक्षेत्र तयार होते, आणि तेही प्रचंड : सेंटिमीटरला १० ते ३० लाख व्होल्ट. २० लाख धरले तर ३ नॅनोमीटरच्या विहिरीत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ०.६ व्होल्टचा उतार पडतो. इलेक्ट्रॉन एका भिंतीशी जाऊन बसतो, होल दुसऱ्या. याचे दोन परिणाम होतात. बाहेर पडणाऱ्या फोटॉनची ऊर्जा घटते, म्हणजे रंग तांबड्याकडे झुकतो. आणि दोन्ही लाटांची गाठ कमी पडल्याने ते उशिरा भेटतात.

करंट वाढवला की विहिरीत वाहक साठतात. वेगवेगळ्या काठांवर साठलेला हा भार मूळ क्षेत्राच्या विरुद्ध क्षेत्र उभे करतो, उतार कमी होतो आणि रंग निळ्याकडे सरकतो. जास्त इंडियमच्या खोलगट जागा आधी भरून जातात, त्यामुळेही सरकणे त्याच दिशेने होते. हिरव्यासाठी निळ्यापेक्षा जास्त इंडियम लागते, ताण वाढतो, क्षेत्रही वाढते; म्हणून हिरवी एलईडी निळीपेक्षा जास्त रंग बदलते. डेटाशीटमध्ये करंट आणि तरंगलांबीचा आलेख दिलेला असतो. खरेदीच्या आधी तोच पाहायला हवा, आणि नेमका तोच पाहायचा राहून जातो.

उष्णतेचा परिणाम उलटा असतो. चिप तापली की बँड गॅप आकसतो आणि रंग तांबड्याकडे जातो, निळ्या एलईडीत अंशाला साधारण ०.०३ ते ०.०५ नॅनोमीटर. दोन्ही परिणाम एकत्र आले की निदान अवघड होते. ते वेगळे करायला आधी १० मायक्रोसेकंदांच्या स्पंदांनी, १ टक्का ड्यूटीवर (म्हणजे एकूण वेळेच्या १ टक्काच चालू ठेवून), करंट कमालीपर्यंत वाढवत तरंगलांबी मोजा. मग तोच कमाल करंट अखंड देऊन, हीटसिंकचे तापमान स्थिरावल्यावर पुन्हा मोजा. पहिल्या मोजणीत दिसेल तो विहिरीचा परिणाम; दोन मोजण्यांतला फरक उष्णतेचा.

तुमच्या कामासाठी उपाय सरळ आहे. उजेड कमी-जास्त करण्यासाठी करंटची पातळी बदलू नका. करंट एका आकड्यावर बांधून ठेवा आणि पीडब्ल्यूएमने (पल्स विड्थ मॉड्युलेशनने) चालू-बंदचे प्रमाण बदला. एलईडी पेटते तेव्हा दर वेळी विहिरीत वाहकांची घनता तेवढीच असते आणि रंग जागचा हलत नाही.

आता दुप्पट करंटचा मुद्दा. विहिरीत वाहक तीन वाटांनी संपतात. दोषांत अडकून संपणारे घनतेच्या प्रमाणात असतात, प्रकाश देणारे घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि ऑजे प्रक्रियेत जाणारे घनाच्या प्रमाणात. या प्रक्रियेत जोडीची ऊर्जा प्रकाशाऐवजी तिसऱ्या वाहकाला मिळते आणि शेवटी उष्णता होते. घनता वाढली की तिसरी वाट दुसरीला मागे टाकते. शिवाय काही इलेक्ट्रॉन विहिरी ओलांडून पलीकडे पी बाजूला (जिथून होल येतात) जातात. त्यांना अडवायला विहिरींनंतर ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा अडथळा घालतात, तरी गळती पूर्ण थांबत नाही. निळ्या एलईडीची कार्यक्षमता साधारणपणे चौरस सेंटिमीटरला काही अँपिअरवरच शिगेला पोचते. एक चौरस मिलिमीटर चिपमधून ३५० मिलिअँपिअर म्हणजे ३५ अँपिअर दर चौरस सेंटिमीटर, शिखराच्या बरेच पुढे. ७०० दिले तर ७०.

मग विहिरींची संख्या वाढवून भार का वाटून घेत नाहीत? होल ते होऊ देत नाहीत. पी बाजूला मॅग्नेशियम मिसळतात, पण त्याची सक्रियण-ऊर्जा १७० ते २०० मिली-ईव्ही असल्याने खोलीच्या तापमानाला मोजकेच अणू होल देतात. हे होल जडही असतात. पाच-आठ विहिरी ठेवल्या तरी ते पी बाजूच्या पहिल्या एक-दोन विहिरींतच गर्दी करतात, उजेड तिथूनच येतो आणि घनताही तिथेच वाढते. म्हणून उजेड जास्त हवा असेल तर करंट न वाढवता चिपचे क्षेत्रफळ किंवा चिपची संख्या वाढवा. हिशेब करताना पॅकेजचे माप घेऊ नका. आतली चिप त्याहून बरीच लहान असते.

या पदार्थाबद्दल एक गोष्ट आम्हाला आजही थक्क करते. नीलमणीच्या चकतीवर वाढवलेल्या गॅलियम नायट्राइडमध्ये एका चौरस सेंटिमीटरला १० ते १०० कोटी डिस्लोकेशन (अणूंच्या रांगा विस्कटलेल्या रेषा) असतात. गॅलियम आर्सेनाइड एवढ्या दोषांत विझून गेले असते. इथे इंडियमच्या कमी-जास्त प्रमाणामुळे वाहक जागच्या जागी अडकून राहतात आणि दोषापर्यंत पोचण्याआधीच प्रकाश देतात, हे त्याचे मान्य झालेले एक महत्त्वाचे कारण आहे. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच पदार्थातून कार्यक्षम निळी एलईडी घडवण्यासाठी.

प्रश्न : क्यूएलईडी टीव्हीत हीच विहीर असते का? (अमरावती)

उत्तर : नाही. सध्या त्या नावाने विकल्या जाणाऱ्या टीव्हीत क्वांटम डॉटची (नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक कणांची) फिल्म असते, आणि डॉटमध्ये वाहक तिन्ही दिशांना बंदिस्त असतात. मात्र त्या फिल्मवर मागून निळा प्रकाश टाकणाऱ्या एलईडीत विहिरीच असतात.

प्रश्न : लेसर मॉड्यूलच्या माहितीपत्रकात ‘स्ट्रेन्ड क्वांटम वेल’ असे लिहिलेले असते. स्फटिकात ताण म्हणजे दोष ना? मग तो मुद्दाम का ठेवतात? (फायबर तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मर्यादेतला ताण दोष नसतो, आणि तो होलच्या सोयीसाठी ठेवलेला असतो. इलेक्ट्रॉन मुळातच हलका असल्याने थोडे वाहकही त्याच्या उपबँडमध्ये वरपर्यंत चढतात. होल जड, त्यांना बसायला जागा खूप, म्हणून ते तळाशी विखुरलेले राहतात. लेसर सुरू व्हायला दोन्ही बाजू भराव्या लागतात आणि जड होलची बाजू भरायला करंट फुकट जातो. विहिरीचा थर त्याच्या प्रतलात दाबला की जड आणि हलक्या होलचे बँड एकमेकांपासून दूर होतात. वर राहिलेल्या बँडमध्ये होलचे थराच्या प्रतलातले वस्तुमान बरेच घटते, अवस्था कमी होतात आणि सुरू होण्याचा करंट उतरतो. १९८६ मध्ये ॲडम्स यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे याब्लोनोविच आणि केन यांनी ही कल्पना मांडली. प्रकाशाचे ध्रुवीकरणही एका दिशेला पक्के होते, म्हणजे पुढच्या जोडणीत तुमचे काम सोपे होते.

फायबर ॲम्प्लिफायरला ९८० नॅनोमीटरचा प्रकाश पुरवणारा लेसर घ्या. त्यात सुमारे २० टक्के इंडियम असलेल्या इंडियम गॅलियम आर्सेनाइडची विहीर गॅलियम आर्सेनाइडवर वाढवतात. इंडियम आर्सेनाइडची जाळी ७.२ टक्के मोठी, म्हणून २० टक्के इंडियमला ताण सुमारे १.४ टक्के. थर ७-८ नॅनोमीटर ठेवला तर तो ताण लवचिकपणे सोसतो. क्रांतिक जाडी ओलांडली, इथे ती साधारण १० ते १५ नॅनोमीटर आहे, की सीमेवर मिसफिट डिस्लोकेशन उमटतात. नोमार्स्की सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभागावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसते, वाहक त्या रेघांवर प्रकाश न देता संपतात, आणि लेसर चालवला की काळ्या रेषा पसरत जातात. असा तुकडा वाचवता येत नाही.

प्रश्न : भेसळ (डोपिंग) विहिरीत न घालता भिंतीत का घालतात? आणि ‘गॅन’ (गॅलियम नायट्राइड) चार्जरमध्ये भेसळ नसतेच असे वाचले, ते खरे का? (अभियांत्रिकी, तिसरे वर्ष, सांगली)

उत्तर : भेसळीचा अणू इलेक्ट्रॉन देतो आणि मागे स्वतः धनभारित होऊन उभा राहतो. तो विहिरीतच असेल तर स्वतः दिलेल्या इलेक्ट्रॉनलाच वाटेत ठोकरतो. डिंगल, श्टॉर्मर, गोसार्ड आणि वीगमन यांनी १९७८ मध्ये सिलिकॉन फक्त ॲल्युमिनियम असलेल्या भिंतीच्या थरात घातले. इलेक्ट्रॉन घसरून गॅलियम आर्सेनाइडमध्ये आले, भारित अणू पलीकडे राहिले. मध्ये भेसळ नसलेला स्पेसर थर ठेवतात, ट्रान्झिस्टरमध्ये काही नॅनोमीटरचा, संशोधनाच्या नमुन्यांत कित्येक दशक नॅनोमीटरचा. स्पेसर वाढवला की मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन किती सहज धावतो त्याचे माप) वाढते पण इलेक्ट्रॉनची संख्या घटते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. प्रिन्स्टनच्या गटाने २०२१ मध्ये अतिशीत तापमानाला ४ कोटी ४० लाख चौरस सेंटिमीटर दर व्होल्ट-सेकंद इतकी मोबिलिटी नोंदवली. खोलीच्या तापमानाला मात्र जाळीच्या कंपनांमुळे गाडी ८,५००-९,००० च्या आसपास अडते, मग स्पेसर कितीही जाड ठेवा.

प्रयोगशाळेत हमखास फसवणारी एक गोष्ट सांगतो. ॲल्युमिनियम २० टक्क्यांच्या वर गेले की सिलिकॉनचे इलेक्ट्रॉन देणारे अणू डीएक्स केंद्रे, म्हणजे इलेक्ट्रॉन पकडून ठेवणारे सापळे, बनतात. थंडीत नमुन्यावर क्षणभर उजेड पडला तरी त्यांतून सुटलेले इलेक्ट्रॉन परत जात नाहीत आणि वाढलेली संख्या तासन्‌तास तशीच राहते. म्हणून नमुना पूर्ण अंधारात थंड करा, हॉल मोजणी (चुंबकक्षेत्र लावून इलेक्ट्रॉनची संख्या काढण्याची रीत) करा, मग लाल एलईडीने उजेड देऊन पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे वेगळे लिहा.

चार्जरबद्दल तुम्ही वाचले ते इलेक्ट्रॉनच्या थरापुरते बरोबर आहे. गॅलियम नायट्राइडवर सुमारे २५ टक्के ॲल्युमिनियम असलेल्या ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा २०-२५ नॅनोमीटर थर दिला की स्फटिकातल्या विद्युत ध्रुवीकरणामुळेच सीमेवर इलेक्ट्रॉन जमतात, चौरस सेंटिमीटरला सुमारे १० लाख कोटी. मोबिलिटी १,५०० ते २,०००. इथे विहीर चौकोनी नसते, त्रिकोणी असते. हे इलेक्ट्रॉन आपोआप हजर असल्याने ट्रान्झिस्टर गेटवर व्होल्टेज नसतानाही चालू राहतो. चार्जरमध्ये तसे परवडत नाही, म्हणून गेटखाली पी प्रकारच्या गॅलियम नायट्राइडचा थर देऊन तो बंद स्थितीत आणतात. पृष्ठभागावरच्या सापळ्यांत इलेक्ट्रॉन अडकले की मोठ्या व्होल्टेजनंतर करंट घसरतो. सिलिकॉन नायट्राइडचे आवरण असते ते यासाठी.

प्रश्न : गॅलियम आर्सेनाइडच्या विहिरीचा फोटोल्युमिनेसन्स (लेसर टाकल्यावर तिच्यातून येणारा उजेड) १० केल्व्हिनला उत्तम येतो, ३०० ला जवळजवळ नाहीसा होतो. वाहक विहिरीतून निसटतात की दोषांत मरतात, हे कसे ओळखायचे? (पीएच.डी. विद्यार्थी, मुंबई)

उत्तर : तीन मोजण्या करा, आणि त्याच क्रमाने.

पहिली मोजणी दोन लेसरांची. ५३२ नॅनोमीटरचा फोटॉन २.३३ ईव्हीचा असतो. तो भिंतीतही वाहक निर्माण करतो आणि ते तिथून विहिरीत पडतात. ७८० नॅनोमीटरचा फोटॉन १.५९ ईव्हीचा, ३० टक्के ॲल्युमिनियमची भिंत तो शोषूच शकत नाही, विहीर मात्र शोषते. एक विहीर जेमतेम टक्काभर प्रकाश शोषते, म्हणून सिग्नल कमी येईल, आणि सबस्ट्रेटचा (थर ज्यावर वाढवले त्या चकतीचा) उजेड ८७० च्या आसपास वेगळा दिसेल. त्याने गोंधळू नका. ७८० ने ३०० केल्व्हिनला ठीक आणि ५३२ ने फिके येत असेल, तर वाहक विहिरीत पोचण्याआधी भिंतीत संपत आहेत. वाढवताना ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेते, आधी तिकडे पाहा. विहिरीच्या तोंडाशी आलेला वाहक आत पडायला फारसा वेळ घेत नाही. ३६ मिली-ईव्हीचा एक फोनॉन (जाळीच्या कंपनाचा ऊर्जा-घास) टाकायला पाव पिकोसेकंदही लागत नाही, आणि सगळी उतरंड काही पिकोसेकंदांत संपते.

दुसरी मोजणी तापमानाची. १० ते ३०० केल्व्हिनमध्ये एकूण तीव्रता मोजा, शिखराची उंची नव्हे, कारण शिखर रुंद होत जाते. तिचा नैसर्गिक लॉगॅरिथम १ भागिले तापमान यासमोर मांडा. उष्ण टोकाच्या सरळ भागाचा उतार ०.००००८६२ ने गुणला की ईव्हीमध्ये सक्रियण-ऊर्जा मिळते. तुमची विहीर पहिल्या प्रश्नातल्यासारखी असेल तर होल निसटायला सुमारे ०.१३ ईव्ही, इलेक्ट्रॉनला ०.२०, जोडीला ०.३३ लागेल. उत्तर यांपैकी एखाद्या आकड्याजवळ आले तर निसटण्याचा संशय पक्का होतो. २० ते ६० मिली-ईव्ही आले तर ते निसटणे नव्हे, दोष आहे.

तिसरी लेसर-शक्तीची. ३०० केल्व्हिनला शक्ती शंभरपट बदला आणि तीव्रता लॉग-लॉग कागदावर मांडा. उतार १ च्या जवळ असेल तर बहुतेक वाहक प्रकाश देऊन संपत आहेत. २ कडे गेला तर दोष वरचढ आहेत.

यात सर्वाधिक चुका तापमानाच्या होतात. थर्मामीटर कोल्ड फिंगरवर (नमुना थंड करणाऱ्या धातूच्या दांड्यावर) असतो आणि नमुना त्याहून गरम असू शकतो. त्याची खात्री वर्णपटातच करता येते. विहिरीत अवस्थांची घनता सपाट असल्याने जास्त ऊर्जेकडची शेपटी स्वच्छ घातांकी उतरते. तिच्या लॉगॅरिथमचा उतार म्हणजे १ भागिले केटी (बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान). हे वाहकांचे तापमान आहे. थर्मामीटर १० दाखवत असताना शेपटी ४० सांगत असेल तर शक्ती दहापट कमी करून पुन्हा पाहा. शेपटी थंड झाली तर लेसरच तापवत होता; नाही झाली तर नमुना उचलून ग्रीस किंवा सिल्व्हर पेस्ट नव्याने लावा. थंड होताना फिंगर आकसते आणि लेसरचा ठिपका नमुन्यावर सरकतो. प्रत्येक तापमानाला तो पुन्हा जागेवर आणावा लागतो, नाहीतर नमुन्याची असमानताच तापमानाचा परिणाम म्हणून मोजली जाते.

थंडीत एकाऐवजी दोन टोके दिसली तर लगेच नमुना टाकून देऊ नका. सीमेवर एका अणुथराचा, ०.२८३ नॅनोमीटरचा, फरक असलेली बेटे असतील तर ५ नॅनोमीटरच्या विहिरीत सुमारे ६ मिली-ईव्हीची फूट पडते. १० नॅनोमीटरच्या विहिरीत ती दीडच्या आसपास, म्हणून बहुधा रेषेच्या रुंदीत झाकली जाते. सीमेवर वाढ मिनिटभर थांबवलेले नमुने अशी फूट दाखवतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विहिरी एमओव्हीपीईने (वायूंपासून थर वाढवण्याच्या पद्धतीने) वाढवतात, पवईच्या आयआयटीत एमबीईने (निर्वातात अणू-रेणूंच्या झोतांनी). नमुना ज्यांच्याकडून घेतला असेल त्यांच्याकडून वाढीचा पूर्ण तक्ता मागून घ्या : प्रत्येक सीमेवरचा थांबा, सबस्ट्रेटचे तापमान, आर्सेनिकचे प्रमाण. त्याच रनमधला एक तुकडा न हाताळता बाजूला ठेवा, म्हणजे तीनही मोजण्यांनंतर शंका उरली तर तुलना कशाशी करायची हा प्रश्न राहणार नाही.